जांभळ्या बोटांच्या कुंदाताई

कुंदाताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम जांभळी असायची. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, बाई जांभळं खाऊन आली. पण ते थंडीचे दिवस होते, जांभळं कुठली. मग कळलं, रक्ताची काच रंगवायचा रंग तो. धुतला तरी जात नाही, आणि त्या फार धूतही नव्हत्या. "राहू द्या," म्हणायच्या, "आरशात बघायची गरज पडत नाही, हात बघितला की कळतं आपण कोण."

भोरात बाजारातल्या एका बोळात, सायकलीच्या दुकानावर त्यांची रक्त तपासायची खोली होती. लाकडी जिना, वर एक बाकडं, एक टेबल, एक फ्रीज आणि खिडकीपाशी दुर्बीण. दुर्बीण म्हणजे लांबचं बघायची नव्हे, बारीक असेल ते मोठं करून बघायची. तिचं खरं नाव ताईंनी मला दोनदा सांगितलं, माझी जीभ वळली नाही. पाटी होती बाहेर, पण पाटी वाचून कोणी येत नसे. खालचा सायकलवाला बोट वर करायचा आणि माणसं जिना चढायची.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. पण हौसा गेली, माझी बायको, तेव्हापासून घरात बोलायला कोणी नाही. हौसाबद्दल लिहायला बसलो की हात चालत नाही. कुंदाताईंबद्दल लिहायला लागलो की हौसा आपोआप येऊन बसते. म्हणून हे.

ताईंच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे, सुई टोचायच्या आधी विचारायच्या, "आईचं नाव?" माणूस गडबडायचा. पिकल्या केसांच्या माणसाला आईचं नाव कोण विचारतं? पण त्या नळीवर चिकटपट्टी लावायच्या, वर माणसाचं नाव, खाली त्याच्या आईचं, आणि मोठ्यानं वाचून दाखवायच्या. त्यांचं म्हणणं असं, की भोर आणि वेल्ह्यात नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं सारखं असलेली माणसं एका एसटीत चार निघतात. आया मात्र निरनिराळ्या असतात.

माझ्या नळीवर त्यांनी लिहिलं, 'बबन, आई गंगू.' मी बाकड्यावर बसून बघत राहिलो. आईला जाऊन लई वर्षं झाली होती. तिचं नाव लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सातबाऱ्यावरसुद्धा नव्हतं कधी.

दुसरी खोड म्हणजे 'असं का?' कशालाही म्हणायच्या. एखाद्यानं सांगितलं, ताई, मला पहाटे खाज सुटते, की चष्मा नाकावर खाली ओढून, "असं का?" ते विचारणं वरवरचं नसायचं. उत्तर मिळेपर्यंत माणसाला उठू देत नसत. कामात असल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला की मात्र कोणी बोलायचं नाही. डाव्या हातात एक टकटक करायचं यंत्र असायचं, रक्तातले दाणे मोजायचं. एकदा एका पुढाऱ्यानं मधेच मोठ्यानं नमस्कार घातला. ताई वर न बघता म्हणाल्या, "त्र्याहत्तरला होते. आता पुन्हा एकपासून. बसा." तो बसला मुकाट्यानं.

आमची गाठ पडली ती माझ्या अंतर्गळामुळं. ऑपरेशन करायचं ठरलं, भोरच्या डॉक्टरनं आधी रक्त तपासून आणायला सांगितलं. हौसा बरोबर होती. चार पावलं चालली की तिला धाप लागायची, हात पांढरे पडले होते. डॉक्टर म्हणाला, यांचंही तपासू. एकाच सकाळी, एकाच बाकड्यावर दोघांचं रक्त काढलं.

दोन दिवसांनी कागद घेऊन डॉक्टरकडं गेलो. पोरगाच होता तो, नुकता शिकून आलेला. माझा कागद बघून म्हणाला, ठीक आहे, ऑपरेशनला हरकत नाही. हौसाचा कागद त्यानं दोनदा वाचला. मग खुर्ची पुढं ओढून हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही दारू घेता का?"

मी हसलो. खरं सांगतो, अंतर्गळ दुखेपर्यंत हसलो. रोज सांजेला देशी पिणारा मी. वीस वर्षं एक दिवस चुकवला नव्हता. आणि कागद म्हणत होता, बबन सोवळा आणि हौसा पिणारी. तिच्या कागदावर यकृताचा एक आकडा होता, गॅमा जीटी म्हणतात त्याला, तो दुपटीच्या वर होता. रक्तातले तांबडे दाणेही फुगलेले. दोन्ही एकदम दिसलं की डॉक्टर लोकांना आधी दारूच आठवते.

हौसानं पदर पुढं ओढला. डॉक्टरनं विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?" तिनं मान हलवली, न्हाई.

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या गावाला, विंझरला, जाणाऱ्या जीपमध्ये मी तो कागद काढून लोकांना दाखवला. म्हणालो, "उगा माझ्या नावानं बोंब मारता. आमच्या घरात कोण पितंय बघा, शिक्क्यासकट कागद हाय." जीप हसली. मला वाटलं गंमत झाली. चार दिवसांत ती गंमत भाटघरला हौसाच्या माहेरी पोचली आणि तिचा भाऊ शंकर दारात येऊन उभा राहिला.

"आक्का, आमच्यात बायामानसं पीत न्हाईत," तो म्हणाला. "नाथाच्या देवळात चल. बेलभंडार उचल. लोकांची तोंडं बंद कर."

आमच्याकडं शपथ म्हणजे ती. भैरवनाथापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घ्यायचा आणि बोलायचं. खोटं बोललं तर पुढं नाथ बघून घेतो. हौसानं डोक्यावरचा पदर नीट केला, भंडारा उचलला, म्हणाली, "म्या आयुष्यात थेंब घेतला न्हाई." पंधरा-वीस माणसं होती. मी खांबाला टेकून उभा होतो. एक शब्द बोललो नाही. मला कोणी भंडारा उचलायला सांगितलंही नाही.

देवळातून बाहेर पडताना एकजण मागं म्हणालाच, "भंडारा काय, खोटा बी उचलत्यात. कागद कुठं खोटं बोलतोय."

ते हौसानं ऐकलं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बाहेर जायचं लुगडं नेसून उभी राहिली. "भोरला जायचंय. तुमी चला संगं. एकलीला जाता येत न्हाई मला, तुमाला म्हाईत हाय का ते."

जिना चढताना ती दोनदा बसली. वर गेल्यावर ताईंना म्हणाली, "ताई, माझं रगात परत काढा. ह्यांचं म्हणनं, नळ्या बदलल्या."

तसं मी वाटेत म्हणालो होतो, तिची समजूत काढायला. ताईंनी चष्मा काढला. तो दोरीनं गळ्यात लोंबला. मला म्हणाल्या, "बदलल्या? आईचं नाव काय हो तुमच्या?"

"गंगू."

"वहिनी, तुमच्या?"

"राधा."

फ्रीज उघडून त्यांनी मागच्या आठवड्यातल्या दोन नळ्या टेबलावर ठेवल्या. 'बबन, आई गंगू.' 'हौसा, आई राधा.' "नळ्या बदललेल्या नाहीत, दादा. म्हणजे आकडा खरा आहे." मग हौसाकडं वळल्या. "आणि तुम्ही म्हणता घेत नाही."

"न्हाई."

"म्हणजे तेही खरं." आणि डोळे बारीक करून, जसं पोराच्या हातात नवं खेळणं यावं तशा म्हणाल्या, "मग असं का?"

त्या घडीला मला ती बाई कळली. डॉक्टरला उत्तर सापडलं होतं म्हणून तो थांबला. गावाला गंमत सापडली, गाव थांबलं. हिला दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या याचाच आनंद झाला होता.

त्यांनी हौसाचं रक्त पुन्हा काढलं, एक थेंब काचेवर ओढला, वाळवला, रंगवला. मग मला बोलावलं. "या, बघा. एक डोळा मिटा."

आधी मला माझीच पापणी दिसली. मग गुलाबी टिकल्या दिसायला लागल्या, ढीगभर. ती माझी काच होती, मागच्या वेळची. मग त्यांनी हौसाची लावली. टिकल्या कमी, पण एकेक टपोरी.

"गाभण मेंढ्यांवानी हायत," मी म्हणालो.

ताई मोकळेपणानं हसल्या. "पुस्तकात असं लिहायला हवं होतं. दारूनं दाणे असे फुगतात. पण दारूनंच फुगतात असं कुठं आहे? आणि तो यकृताचा आकडा, तो दारूनं चढतो, पित्ताच्या खड्यानं चढतो, चरबीनं चढतो, औषधांनी चढतो. उलट तुमच्यासारखे कितीतरी असतात, रोज पितात आणि आकडा ढिम्म हलत नाही. वहिनी, आता मला सांगा, सकाळपासून तुमच्या तोंडात काय काय जातं?"

हौसानं सांगितलं. मिश्री. चहा. भाकरी. कधी गुळाचा खडा.

"औषध?"

"न्हाई."

"कुठलंच नाही? डोकं दुखतं तेव्हासुद्धा? असं का?"

हौसानं माझ्याकडं बघितलं.

त्या बघण्याचा अर्थ फक्त मला ठाऊक होता. हौसाला फीट यायची. एका तापानंतर सुरू झाली होती. पुण्याच्या डॉक्टरनं रोजची गोळी लिहून दिली, ती दहा-बारा वर्षं ती घेत होती, आणि फीट येणं जवळजवळ थांबलं होतं. पण मी तिला बजावलं होतं, ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही. आमची सुनी लग्नाची होती. आईला फीट येते म्हटल्यावर पोरीला कोण करून घेतं? हौसानं ते इतकं पाळलं, की भर देवळात दारुडी ठरली तरी तोंडातून शब्द काढला नाही.

बोलायला मीच पाहिजे होतो. "ताई," मी म्हणालो, "तिला फीट येती. रोजची गोळी चालू हाय. म्याच सांगितलंवतं, बोलू नको म्हनून."

हौसानं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टरनं औषध इचारलं. ही तर रोजची हाय, भाकरीवानी. आन् ह्यांचा हुकूम."

ताईंनी पट्टीवरचं नाव वाचलं. चष्मा वर ढकलला. पाठ टेकून बसल्या आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज कडक झाला. "म्हणजे दादा, बायकोला दारुडी म्हटलेलं चालतं, फीट येते म्हटलेलं चालत नाही."

"म्या कुठं म्हनलं चालतं?" हौसा म्हणाली. माझ्याकडं न बघता.

मग ताईंनी समजावून सांगितलं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की तोच आकडा चढतो. हीच गोळी अंगातलं एक जीवनसत्त्व कमी करते, फॉलिक ॲसिड म्हणतात, ते कमी झालं की दाणे फुगतात, रक्त उतरतं, धाप लागते. "पण हा माझा अंदाज. ठरवायचं डॉक्टरांनी. मी चिठ्ठी देते. आणि वहिनी, गोळी बंद करायची नाही हं. रागानं सुद्धा नाही."

"मग लोकास्नी काय दाखवू?" हौसानं विचारलं. "तोंडची गोष्ट कोन ऐकतंय."

ताईंनी विचार केला. एक दुसरी तपासणी असते म्हणाल्या, सीडीटी, ती पुण्याला पाठवावी लागते. दोन-तीन आठवडे रोज भरपूर पिणाऱ्याचीच ती चढते, गोळ्यांनी नाही. चुकायला तिलाही जागा आहे, पण थोडी. मग माझ्याकडं वळून अगदी साधेपणानं म्हणाल्या, "तुमचंही पाठवू का, दादा?"

मागचा कागद सोवळा होता ना माझा. मी बाही वर केली. "पाठवा की!"

आठ-दहा दिवसांनी गेलो. ताईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. हौसाचा बोटानं पुढं सरकवला, "स्वच्छ." माझा माझ्याकडं फिरवला. त्यात मला काय वाचता येणार होतं. पण त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "असं का, दादा?"

तोवर ते 'असं का' त्यांनी दुसऱ्यांना विचारलेलंच मी ऐकलं होतं.

हौसा म्हणाली, "ह्यांच्यासाठी पुण्याला कशाला धाडलं, ताई? मला इचारायचं. उशीला वास येतो." ताईंना हसू आवरेना. हौसालाही. कितीतरी दिवसांनी हसली ती.

निघताना तिनं विचारलं, "हे फुगलेलं दाणं असंच ऱ्हात्यात का?"

"नाही. एक दाणा चारेक महिने जगतो. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्यात की नवे येतील ते चांगले येतील. चार महिन्यांनी ह्यातला एकही तुमच्या अंगात नसेल."

"म्हंजी भंडारा उचलला त्या दिसाचं रगात बी संपंल?"

"संपेल."

"बरं हुईल," हौसा म्हणाली.

मी जिन्यात थांबलो. हौसाला खाली सायकलवाल्याच्या स्टुलावर बसवलं आणि परत वर गेलो. म्हटलं, "ताई, म्या बी भंडारा उचलतो. दारू सोडली म्हनून."

"तो वहिनींसाठी उचला," त्या म्हणाल्या. "तुमच्या दारूचं मला देवळात नका सांगू. दर तीन महिन्यांनी इथं या आणि हात पुढं करा."

पुढच्या रविवारी देवळात माणसं जमली तेव्हा मी भंडारा उचलला. म्हणालो, "हौसा पीत न्हाई. ती फीटच्या गोळ्या खाती. पितो तो मी." सुनीचं एक स्थळ बोलणीवर आलं होतं, त्यांचा निरोप आला, सध्या नको. सुनी दोन दिवस जेवली नाही. पुढच्या साली दुसरं आलं, त्यांना सगळं आधी सांगितलं, तरी झालं. पण ते वर्ष आमच्या घरात जड गेलं, आणि ते माझ्या खात्यावर आहे.

ऑपरेशन झालं, आणि दारू सुटली ती एकदम नाही. एकदा लबाडी केली. चार महिने बरा राहिलो, मग एका लग्नात घसरलो ते महिनाभर रोज. ताईंकडं जायच्या चार दिवस आधी बंद केली, काढे प्यायलो, लिंबं चोखली. पुण्याहून कागद आला तेव्हा ताई म्हणाल्या, "रक्त द्यायच्या तोंडावर सोडलीत वाटतं. दादा, तुम्ही विसरलात, रक्त दोन-तीन आठवडे विसरत नाही." रागावल्या नाहीत. त्यांना मी लबाडी कशी केली याचंच कुतूहल. किती लिंबं, कुठला काढा, सगळं विचारून घेतलं. लाज त्यानं जास्त वाटली. त्यानंतर हौसा होती तोवर नाही प्यायलो.

हौसाचे हात तांबूस झाले. चार महिन्यांनी ताईंनी तिला स्वतःचीच नवी काच दाखवली. हौसानं डोळा लावला आणि म्हणाली, "व्हय की, मेंढ्या व्याल्या." पुढं नऊ वर्षं ती चांगली राहिली. रानात जायची, चढ चढायची.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी रानातून आली, पाणी प्यायली, आडवी झाली आणि गेली. काही दुखलं-खुपलं बोलली नाही. दिवस झाल्यावर पाहुणे गेले, आणि त्याच सांजेला मी बाटली आणली. मग रोज. ताईंकडं जायचं बंद केलं. कोणत्या तोंडानं जायचं?

मग एके दिवशी भोरहून येताना कापूरहोळला उतरलो. फाट्यावर दारूचं दुकान आहे, तिकडंच निघालो होतो. एसटीच्या शेडमध्ये कुंदाताई बसलेल्या. केस सगळे पांढरे. पायाशी एक ट्रंक, मांडीवर एक लाकडी पेटी. खोली बंद केली म्हणाल्या. आता मोठी यंत्रं आली, नळ्या गाडीनं परस्पर पुण्याला जातात. दुर्बीण एका शाळेला दिली. कोल्हापूरला भाचीकडं चालल्या होत्या.

"वहिनी?" त्यांनी विचारलं. त्यांना कळलं नव्हतं. मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "रोज घेता?" वास येत असणार.

"रोज."

मी वाट बघत होतो. पण त्यांनी 'असं का' विचारलं नाही. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच नाही विचारलं.

मांडीवरची पेटी उघडली. आत काचेच्या पट्ट्या उभ्या लावलेल्या, एकेक खाचेत. शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवायला निवडून ठेवलेल्या. एकेक वर करून त्या कडेची चिठ्ठी वाचत गेल्या, आणि एक काढली. 'हौसा, आई राधा.'

"ही पहिली," त्या म्हणाल्या. "टपोऱ्या दाण्यांची. वहिनींना सांगितलं होतं ना, त्या दिवसाचं रक्त संपेल म्हणून. एवढं संपलं नव्हतं. माझ्याकडं राहिलं."

"आता बघायचं कशात हे, ताई?"

"बघायचं नाही. अंधारात ठेवायचं, म्हणजे रंग राहतो. आणि फुटू द्यायचं नाही."

कागदात गुंडाळून त्यांनी ती माझ्या सदऱ्याच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवली. तेव्हा मी त्यांची बोटं बघितली. जांभळा रंग गेला होता. साधी, सुरकुतलेली बोटं, कोणाचीही असतात तशी. कोल्हापूरची गाडी आली. मी ट्रंक वर दिली. त्या खिडकीत बसल्या, पेटी मांडीवर, चष्मा नाकावर खाली ओढलेला, आणि शेजारच्या बाईला काहीतरी विचारायला लागल्यासुद्धा. गाडी हलली तरी त्यांचं बोलणं चालू होतं. माझ्याकडं बघायचं राहून गेलं.

दुकान समोर होतं. खिशात काच होती. पिऊन जीपच्या गर्दीत चढलो असतो तर ती विंझरपर्यंत टिकली नसती, हे मला ठाऊक होतं. एक भरलेली जीप जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. तिसरीत कडेची जागा मिळाली. घरापर्यंत खिशावर हात धरून आलो.

काच हौसाच्या पेटीत आहे, लुगड्यांच्या घडीत. मधे एकदा उजेडात धरून बघितली. काही दिसत नाही, नुसता फिकट गुलाबी पट्टा.

त्या दुकानात न जाता घरी आलो, त्याला आज बारा दिवस झाले. रक्त नवं व्हायला चार महिने लागतात.